आठ टाके: सोलापुरातलं गॅस गँगरीनचं एक प्रकरण

वय ४४, पुरुष, शेतकरी, मोहोळ तालुका. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखू आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

जुलैचा पहिला आठवडा. आडसाली उसासाठी रान तयार करणं चाललं होतं आणि दोनच दिवसांपूर्वी शेणखत विस्कटून झालं होतं. रोटाव्हेटरच्या पात्यांत जुनं पाचट गुंतलं, ते काढायला हे मागून वाकले. ट्रॅक्टरवर पुतण्या होता. त्याला वाटलं, काका बाजूला झाले. पातं डाव्या पोटरीवर बसलं. मंगळवार, दुपारचे चार.

जखम साधारण १२ सेंटीमीटर लांब. कातडी फाटून मांस उघडं पडलेलं, आत माती, शेण आणि लेंग्याच्या कापडाची चिंधी. घरच्यांनी हळद दाबली, पटका आवळून बांधला आणि मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याच्या गावी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम हायड्रोजन पेरॉक्साइडनं आणि बीटाडीननं धुतली. चिंधीही काढली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक दिलं आणि आठ टाके घालून वर घट्ट पट्टी बांधली. सहा वाजता मंडळी घरी पोचली. चहा घेतला, चालताही येत होतं.

रात्री अकराला ठणका सुरू झाला.

या ठणक्यावर थोडं थांबू, कारण प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. बुधवारी सकाळी त्यांना पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं. वरून बघता जखम स्वच्छ होती. टाक्यांच्या कडा कोरड्या, लाली नाही, पू नाही, ताप ९९. "टाके ओले आहेत, दुखणारच," असं सांगून दुखण्याचं इंजेक्शन दिलं. दोन तास बरं वाटलं. दुपारी पट्टी घट्ट होतेय म्हणून बायकोनं सैल केली, चार वाजता पुन्हा सैल केली. पट्टी तीच होती, पाय वाढत होता. त्या माउलीनं मला नंतर सांगितलं, "साहेब, मूल होताना मी ओरडले नसंल एवढं हे ओरडत होते. आणि पायाकडं बघावं तर काहीच दिसंना."

दिसतंय थोडं आणि दुखतंय फार, ही ती खूण. त्या वेळी पोटरीतले स्नायू आत मरायला लागले होते. कातडीला त्याची खबर अजून लागलेली नव्हती.

संध्याकाळी कातडीचा रंग बदलला. आधी पांढुरकी झाली, मग तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी. वारीचे दिवस, पंढरपूरच्या बाजूच्या रस्त्यांवर दिंड्या, गाडी अडकत अडकत सोलापुरात आमच्या रुग्णालयात पोचली तेव्हा रात्रीचे १०:४० झाले होते. जखम होऊन तीस तास उलटून गेले होते.

आल्यावर काय दिसलं

नाडी १३८. ताप १००.४. रक्तदाब ९६/६०. नाडी आणि तापाचा मेळ बसत नव्हता. १००च्या तापाला नाडी एवढी पळत नाही. माणूस मात्र पूर्ण शुद्धीत. घामानं डबडबलेला, चेहरा राखेसारखा, पण प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर देत होता. ही शुद्ध शेवटपर्यंत टिकते आणि फसवते. नातेवाइकांना वाटतं, बोलतोय म्हणजे ठीक आहे.

"मामा, कुठं दुखतंय?"

"आख्खा पाय ठणकालाय डॉक्टरसाहेब. वजन बांधल्यागत झालंय."

पोटरी दुसऱ्या पायाच्या दीडपट. टाके मांसात रुतलेले. जखमेच्या बाहेरच्या बाजूला दोन फोड, आत जांभळट-काळं पाणी. मी पोटरीवर बोटं ठेवून हलकेच दाबलं. कडक भाकरी फडक्यात गुंडाळून वरून दाबली तर हाताला जशी कुरकुर लागते, तशी लागली. सोलापूरकराला यापेक्षा वेगळी उपमा द्यायची गरज नाही. मांसात गॅस भरल्याची ही कुरकुर.

आमच्या ज्युनिअर डॉक्टरनं लगेच रास्त शंका काढली. "सर, पेरॉक्साइडनं धुतलंय म्हणतात. गॅस त्याचाच असेल का?" पेरॉक्साइड मांसात गेलं की फेसाळतं, ऑक्सिजन सुटतो, तो कातडीखाली अडकू शकतो आणि एक्स-रेत गॅस म्हणून दिसूही शकतो. पण तो गॅस धुतल्यावर लगेच असतो आणि पुढे जिरत जातो. तीस तासांनी तो वर चढत नाही. तरी तिची शंका तपासायला मी साधं काम केलं. कुरकुर जिथं संपत होती तिथं बॉलपेननं कातडीवर रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली: १०:५०. सव्वाअकराला कुरकुर रेघेच्या दोन बोटं वर होती. मग एक्स-रेची वाट पाहायचं कारण उरलं नाही. एक्स-रे काढला, त्यात स्नायूंच्या तंतूंमधून पिसासारख्या काळ्या रेषा दिसल्याही, पण निर्णय बॉलपेननं दिला होता.

पेरॉक्साइडचं अजून एक. फेस आला म्हणजे जंतू मेले, असा त्याच्यावर गावोगाव विश्वास आहे. वरच्या थरातली घाण तो उचलतो, हे खरं. पण चिरडलेल्या मांसाच्या खोल कप्प्यांत तो पोचत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन्यच्या लष्करी रुग्णालयात काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंगनं नेमकं हेच दाखवलं होतं. गोळ्या-तुकड्यांच्या वाकड्यातिकड्या जखमांच्या कोपऱ्यांत जंतुनाशक पोचतच नाही, उलट शरीराच्या पांढऱ्या पेशी मात्र मरतात. पेनिसिलिनच्या शोधाआधीची ही गोष्ट. फ्लेमिंगचं हे काम फारसं कुणाला आठवत नाही.

मी एक टाका कापला. कडा आपोआप फाकल्या आणि आतून बुडबुड्यांसकट पातळ, तपकिरी पाणी आलं. पू नव्हता. वास सडक्या मांसाचा नव्हता, गोडसर, नाकात चिकटणारा होता. हा वास एकदा घेतला की विसरत नाही.

त्या पाण्याची काच करून ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दहा मिनिटांचं काम. जाडजूड, चौकोनी टोकांचे, जांभळे दंडगोल, मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक. आणि पू-पेशी, म्हणजे जंतूंशी लढायला येणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ शून्य. एवढे जंतू आणि एकही शिपाई जागेवर नाही, हे दृश्यच निदान आहे.

हा जंतू करतो काय

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. १८९१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम वेल्च यांना एका शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांमध्ये बुडबुडे दिसले, त्यातून हा जंतू हाती लागला. जुन्या पुस्तकांत तो 'वेल्चाय' नावानं आहे आणि आमचे शिक्षक त्याला तसंच म्हणायचे. मराठी पाठ्यपुस्तकात गॅस गँगरीनला वायुकोथ म्हटलेलं असतं. वॉर्डात कुणी म्हणत नाही.

जंतू दुर्मीळ नाही. मातीत आहे, शेणात आहे, तुमच्या-माझ्या आतड्यात आहे. प्रतिकूल काळात तो बीजाणू होऊन पडून राहतो. त्या रूपात त्याला ऊन, कोरड, स्पिरिट कशानंच फारसा फरक पडत नाही. बऱ्याच शेतकऱ्यांच्या जखमांत तो असतोच. मग प्रत्येकाला हा रोग का होत नाही? कारण त्याला ऑक्सिजन चालत नाही. जिवंत, लाल, रक्त खेळणाऱ्या मांसात तो उगवू शकत नाही. त्याला चिरडलेलं, रक्त तुटलेलं, वर झाकण घातलेलं मांस लागतं. रोटाव्हेटरनं मांस चिरडलं, शेणखतानं बी पेरलं आणि आठ टाक्यांनी झाकण घातलं.

अनुकूल परिस्थितीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उबदार रश्श्यात, तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. गणित करून बघा. एकाचे सहा तासांत सहा हजार कोटींवर. शरीरात वेग इतका नसतो, पण रोगाचा हिशोब दिवसांत न करता तासांत का करायचा, ते यावरून कळतं. लक्षणं बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतात. सहा तासांतही सुरू झाल्याची उदाहरणं आहेत.

मारतो तो जंतू कमी आणि त्याचं विष जास्त. अल्फा टॉक्सिन हे पेशीच्या पडद्यातलं लेसिथिन तोडणारं एन्झाइम आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकात लेसिथिन भरपूर, म्हणून मायक्रोबायोलॉजीवाले बलकाच्या प्लेटवर हा जंतू वाढवतात आणि त्याच्याभोवती दुधाळ कडं आलं की ओळखतात. तेच कडं आपल्या स्नायूंत आणि तांबड्या पेशींत घडतं. दुसरं विष, परफ्रिंगोलायसिन, पांढऱ्या पेशींना घायाळ करतं. दोन्ही मिळून लहान रक्तवाहिन्यांत प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशींचे गठ्ठे बसवतात. म्हणजे शिपाई नाक्यावरच अडकतात, जखमेत पोचत नाहीत. काचेवर पू-पेशी का नव्हत्या, ते इथं कळतं. वाहिनी बुजली की पुढचं मांस रक्ताविना मरतं. मेलेल्या मांसात जंतू पुढे सरकतो, पुन्हा विष, पुन्हा वाहिन्या बुजल्या. आपली जमीन तो आपणच तयार करत जातो.

याच कारणानं शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथं पोचत नाही. रस्ताच बंद असतो. या रोगात औषध लागतंच, पण मेलेलं मांस काढल्याशिवाय ते नुसतं बाटलीतून टपकत राहतं.

रात्र

रात्री अकरा ते एक या दोन तासांतल्या गोष्टी सांगतो, कारण त्यातली चाळीस मिनिटं आम्ही घालवली.

पहिलं, लॅबमधून फोन आला: "सँपल हिमोलाइज झालंय, परत पाठवा." नमुना घेताना सुई नीट लागली नाही की तांबड्या पेशी फुटतात, हे रोजचं. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा पाठवलं. पुन्हा तोच फोन. नर्सला कुणीतरी बोललंही. तिसऱ्यांदा रक्त काढायला निघालो तेव्हा भूलतज्ज्ञांनी लघवीची पिशवी दाखवली. कोऱ्या चहाचा रंग. तांबड्या पेशी सुईत फुटत नव्हत्या, माणसाच्या अंगात फुटत होत्या. लॅबनं "नमुना खराब" म्हणून परत केलेलाच खरा रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन सकाळपर्यंत १३.२वरून ८.४ वर आलं. नर्सची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली.

दुसरं, पेनिसिलिन. क्रिस्टलाइन पेनिसिलिन हे स्वस्त, जुनं औषध. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच औषधासाठी. आता ते कुणी फारसं लिहीत नाही म्हणून दुकानात असेलच असं नाही. आम्हाला हवं होतं दर चार तासांनी ४० लाख युनिट, म्हणजे दिवसाला २ कोटी ४० लाख. पेशंटचा धाकटा भाऊ आणि तो पुतण्या रात्री बारा वाजता सोलापुरातली मेडिकल दुकानं धुंडाळत फिरले आणि दहा लाखांच्या अकरा कुप्या घेऊन आले. दिवसाला चोवीस लागतात. पहिली रात्र निभली. तोवर क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम आणि इतर जंतूंसाठी पिपेरासिलिन सुरू केलं होतं. क्लिंडामायसिन का, हे मी ज्युनिअरला नेहमी विचारतो. पेनिसिलिन जंतूची भिंत तोडतं. क्लिंडामायसिन जंतूचं प्रथिन बनवणंच थांबवतं. विष प्रथिनाचंच असतं. जंतू मरायच्या आधी कारखाना बंद पडतो.

तिसरं, धनुर्वात. तो याच घराण्यातल्या जंतूचा रोग, त्याच शेणमातीतला. दवाखान्यात टीटी, म्हणजे धनुर्वाताची लस, दिली होती, पण लहानपणचे डोस झाले होते की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. अशा घाणेरड्या जखमेत नुसतं टीटी पुरत नाही, ते कामाला लागायला दिवस जातात. तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, टीआयजी २५० युनिट, दुसऱ्या अंगाला द्यावं लागतं. दिलं.

आणि चौथं, सोलापुरात रात्री अपरात्री प्रत्येक गंभीर पेशंटच्या नातेवाइकांच्या तोंडी येणारा प्रश्न: "पुण्याला हलवायचं का?" भावानं मोठ्या रुग्णालयातल्या हायपरबॅरिक चेंबरबद्दल फोनवरून कुणाकडून तरी ऐकलं होतं. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देण्याची ही पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अॅम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी या रोगात वापरली. तिनं अल्फा टॉक्सिन तयार होणं थांबतं, हे ठीक आहे. पण ती शस्त्रक्रियेच्या जोडीला आहे, शस्त्रक्रियेऐवजी नाही. पुणे अडीचशे किलोमीटर. कुरकुर पंचवीस मिनिटांत दोन बोटं चढते. मी त्यांना कातडीवरची रेघ दाखवली आणि म्हटलं, "अण्णा, टेंभुर्णीला पोचेपर्यंत ही मांडीत असेल." ते गप्प बसले आणि सही केली.

पाय

पावणेदोनला टेबलवर घेतलं. सगळे टाके काढले, जखम वर-खाली वाढवली, स्नायूंवरचं घट्ट आवरण चिरलं. आवरण चिरताच पोटरीचे स्नायू दाबलेल्या स्पंजासारखे बाहेर आले आणि तो गोडसर वास ऑपरेशन थिएटरभर झाला.

जिवंत स्नायू ओळखायच्या चार खुणा शिकवलेल्या असतात: रंग, पोत, चिमटा घेतला की आकसणं, आणि कापलं की रक्त येणं. मी चिमट्यानं मोठा पोटरीचा स्नायू पकडला. शिजलेल्या मटणाच्या रंगाचा. हलला नाही. कात्री चालवली, रक्त नाही, फक्त बुडबुडे. इंच इंच वर जात राहिलो. गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर पहिल्यांदा चिमट्याला स्नायू दचकला. तो जो दचका असतो ना, त्यासाठी सर्जन जीव टाकतो.

पोटरीच्या मागच्या दोन्ही कप्प्यांतलं मांस जवळजवळ सगळं काढलं. बाहेरच्या बाजूचं अर्धं. पुढचा कप्पा लाल होता, आकसत होता, पायाच्या पंज्याला नाडी लागत होती. पाय काढायचा की ठेवायचा?

ठेवला. जखम सताड उघडी, सैल गॉज, आणि बारा तासांच्या आत पुन्हा बघायचं असं ठरवून साडेतीनला बाहेर आलो. पुतण्या जिन्यावर बसला होता. त्यानं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

बारा तास गेलेच नाहीत. सकाळी नऊला नाडी पुन्हा १४०, आणि गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला, कुरकुर. स्नायू मरताना रक्तात उतरणारं एन्झाइम सीपीके १८ हजारांवर, मूत्रपिंडांचा हाल सांगणारं क्रिएटिनिन ३.१. अकरा वाजता मांडीतून पाय काढला. कापलेल्या टोकावर कातडी ओढली नाही, उघडंच ठेवलं.

रात्रीच काढायला हवा होता का? या प्रश्नाचं उत्तर मला पटेल असं सापडलेलं नाही. माझ्या वरिष्ठांचं मत स्पष्ट होतं: तांबड्या पेशी फुटताहेत, शॉक आहे, रात्रीच कापायचा. पुस्तकही त्यांच्याच बाजूनं आहे. माझं म्हणणं, चिमट्याला दचकणारा लाल स्नायू समोर असताना, पंज्याला नाडी असताना, ४४ वर्षांच्या शेतकऱ्याचा पाय मांडीतून काढायला हात धजला नाही. सात तास मी जुगार खेळलो आणि मूत्रपिंडांनी त्याची किंमत भरली. डायलिसिस लागलं नाही, यात माझं काही कौतुक नाही.

जखम उघडी ठेवायची

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सर्जन फ्रान्समध्ये आले ते दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचा अनुभव घेऊन. तिथली माळरानं कोरडी, न कसलेली. जखमा झाकल्या तरी भरायच्या. फ्रान्स आणि बेल्जियमची शेतं मात्र शतकानुशतकं खत घातलेली, आपल्या बागायतीसारखी. झाकलेल्या जखमा तिथं फुगू लागल्या. त्या युद्धात जखमींपैकी सुमारे पाच टक्क्यांना गॅस गँगरीन झाल्याचा अंदाज दिला जातो. मग बेल्जियमचे आंत्वान दपाज आणि इतरांनी जुनी रीत पुन्हा उचलून धरली: मेलेलं सगळं कापा, उघडं ठेवा, चार-पाच दिवसांनी बघून शिवा. व्हिएतनाम युद्धापर्यंत हे प्रमाण दहा हजार जखमींत एक-दोनवर आलं. त्यात हेलिकॉप्टरही आलं, अँटिबायोटिकही आलं, पण शिवण्याची घाई न करणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. युद्धातल्या जखमींवर ते शस्त्रक्रिया करत राहिले ते पेनिसिलिन हाताशी नसतानाच्या काळात. त्यांच्या स्मारकावरून मी रोज जातो. त्या काळच्या सर्जनकडे चाकू, पाणी आणि धीर एवढंच होतं. आपल्याकडे बाकी सगळं आलं आणि धीर तेवढा गेला, असं कधीकधी वाटतं.

तालुक्यातल्या त्या डॉक्टरांना मी फोन केला. दोष द्यायला नाही, कळवायला. ते आधी घाबरले, मग मोकळे झाले. "सर, मला माहीत नाही का? कॉलेजात शिकलोय मीपण. पण उघडी जखम बांधून पाठवली तर म्हणतात, टाके घालता येत नाहीत तो डॉक्टर कसला. पुढच्या दवाखान्यात जातात, तिथं तो घालतो. पेशंट गेला ते गेला, गावात नावही जातं." त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मी एवढंच म्हटलं की उघड्या जखमेचं कारण नातेवाइकांना कागदावर लिहून द्या, चौथ्या दिवशीची तारीख घालून. तारीख असली की लोकांना तो उपचार वाटतो. नसली की हलगर्जीपणा वाटतो.

आणि धुणं. बीटाडीनचा बोळा फिरवणं म्हणजे धुणं नव्हे. सलाइनच्या, नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्याच्या, पाच-सहा लिटरनं जखम धुवायची, भूल देऊन, कडा उघडून, चिरडलेलं मांस काढून. हे तालुक्याच्या टेबलवर होण्यासारखं नसेल तर सैल पट्टी बांधून पुढे पाठवायचं. पाठवताना सांगायचं एकच: रात्री दुखणं जखमेच्या मानानं जास्त वाटलं तर सकाळची वाट पाहू नका, पट्टी सोडा आणि निघा.

थिएटरचं काय झालं, हा प्रश्न मला या प्रकरणाबद्दल सगळ्यात जास्त विचारला गेला. तीन दिवस थिएटर बंद ठेवून धुरी द्यावी, असा आग्रह होता. हा रोग हवेतून एका माणसाकडून दुसऱ्याकडे उडत जात नाही. तो पेशंटच्या स्वतःच्या जखमेतल्या मातीतून आलेला असतो. काळजी घ्यायची ती बीजाणूंची, आणि ते स्पिरिटनं किंवा हाताला लावायच्या सॅनिटायझरनं मरत नाहीत. हात साबण-पाण्यानं धुवायचे, फरशी आणि टेबल घासून पुसायचं, अवजारं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करायची. आम्ही तेवढं केलं आणि दुपारी चारला त्याच थिएटरमध्ये सिझर झालं. आई आणि बाळ दोघं उत्तम.

पुढे

तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग उतरला. क्रिएटिनिन चार दिवस तीनच्या आसपास घुटमळलं आणि मग खाली आलं. मांडीच्या टोकाची तीनदा थिएटरमध्ये सफाई केली, प्रत्येक वेळी लाल, रक्ताळ स्नायू दिसला. सातव्या दिवशी टोक शिवलं. कल्चरचा रिपोर्ट सहाव्या दिवशी आला: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, जोडीला ई. कोलाय. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी जंतू वाढवायच्या, रॉबर्टसनच्या शिजवलेल्या मांसाच्या बाटलीचा फोटोही पाठवला, मांस गुलाबी झालेलं, वर बुडबुडे. फोटो सुंदर होता. तोवर पाय जाऊन पाच दिवस झाले होते.

चोविसाव्या दिवशी ते घरी गेले. जाताना मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोराला काही बोलू नका. त्यानं तेवढ्या दिवसांत ट्रॅक्टरला हात लावला नाही." दिवाळीनंतर कृत्रिम पाय बसवायला आले तेव्हा ट्रॅक्टर पुतण्याच चालवत होता, रोटाव्हेटर मात्र विकून टाकला होता.

त्यानंतरच्या हंगामात, उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला एक पोरगा त्याच डॉक्टरांकडून आला. सोबत पॅडवरची चिठ्ठी: चार लिटर सलाइननं धुतलंय, टाके नाहीत, सैल पट्टी, टीआयजी इथं मिळालं नाही, चौथ्या दिवशी बघून शिवावं. आणि तारीख. मी पट्टी सोडली. घोट्यावर ओलं, लाल, स्वच्छ मांस. चिमटा लावला, दचकलं.

बाहेर मुलाचे वडील भडकलेले. "नुसतं पाणी मारून पाठवलं हो साहेब त्यांनी. दोन हजार घेतले, एक टाका घातला नाही."